रिकामी काहील

विनोदिनीबाईंची साक्ष बेळगावातल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीनं इतक्यांदा ऐकली होती, की शब्बाथशाळेतली पोरं ती तोंडपाठ म्हणून दाखवायची. दोन हजार पाच सालचा पूर. निपाणीच्या पलीकडच्या गावात वेदगंगा शिरलेली. भाड्याच्या खोलीत अकरा दिवसांची बाळंतीण, कुशीत पोर, नवरा खानापूरला कचेरीत अडकून पडलेला. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. बाईंनी टेबलावर उभं राहून प्रार्थना केली आणि पाण्यावरून तरंगत एक काहील आली. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवतात ती, चार माणसं आत बसतील एवढी. ती थेट दाराशी येऊन थांबली. बाई पोराला घेऊन तीत बसल्या आणि देवानं ती सुखरूप शाळेच्या टेकाडाला लावली.

"काहील कुणी पाठवली?" बाई वर्गाला विचारायच्या.

"देवानं!"

"आणि तिला ढकलत कोण होतं?"

"कुणीच नाही!" पोरं एका सुरात ओरडायची.

वीस वर्षं हे चाललं होतं. देवानं केलेल्या गोष्टी विसरू नयेत, मुलाबाळांना सांगत राहाव्यात, हा बाईंचा आवडता धडा. घरातही तोच शिरस्ता. कढीपत्ता स्वस्त मिळाला तरी "देवाचे उपकार" म्हणायच्या आणि आशिष, म्हणजे तेच पुरातलं पोर, लहानपणी तापानं फणफणला की उशाशी बसून काहिलीची गोष्ट सांगायच्या. ती ऐकत तो झोपी जायचा. आता तो वीस वर्षांचा होता. डिप्लोमा करून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लागला होता. वडील, शरच्चंद्र, चार वर्षांपूर्वी गेले. बेळगावलगतच्या मच्छे गावातल्या घरात मायलेक दोघंच राहायची.

त्या वर्षी चर्चला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती. उपकारस्तुतीच्या उपासनेत बाईंनी साक्ष द्यायची हे कुणी ठरवावंच लागलं नाही. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "बाई, त्या गावाचा, नदीचा एखादा फोटो आणाल का? पडद्यावर मोठा करून दाखवू."

बाईंनी दोनदा टाळलं. एकदा गुडघा दुखतो म्हणाल्या, एकदा शाळेत तपासणी आहे म्हणाल्या. तिसऱ्या शनिवारी आशिष मित्राची गाडीच घेऊन आला. "चल आई. माझा जीव वाचला ते गाव मी अजून बघितलेलं नाही. लोक हसतील."

हायवेला लागल्यावर तो गुणगुणत होता. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. संकेश्वर मागं पडलं. नदीच्या रस्त्यावरूनच फोटो काढायचा, गाडीतून उतरायचंसुद्धा नाही आणि परत फिरायचं, असा त्यांनी मनाशी बेत केला होता.

पण आशिषनं गाडी सरळ गावात घातली. जुनी खोली होती तिथं आता स्लॅबचं घर उभं होतं. त्यानं काच खाली करून कट्ट्यावर बसलेल्या एका म्हातारीला विचारलं, "आजी, पुराच्या वेळी शाळेच्या बाई राहायच्या ती खोली कुठली हो?"

म्हातारी उठून गाडीजवळ आली. आत वाकून बघितलं. तिच्या मांडीवरच्या सुपातल्या शेंगा उठताना सांडल्या होत्या, तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

"बाई? विनोदिनीबाई न्हवं तुमी?"

बाईंनी मान हलवली. 

"आन ह्यो? ह्यो त्यो पोरगा?" म्हातारीनं, म्हणजे बाईंच्या जुन्या शेजारणीनं मालुबाईनं, खिडकीतून हात घालून आशिषचा गाल कुरवाळला. "अरं, तुला मी न्हाऊ घातलंय रं! अकरा दिस पायावर घिऊन! आवो ऐकलासा का, बाई आल्यात!"

मग उतरावंच लागलं.

मालुबाईचा नवरा भरमू पुढच्या सोप्यात पलंगावर बसला होता. केस पिकले होते, अंगानं वाळला होता. धोतराखाली उजवा पाय गुडघ्यापर्यंतच होता. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. बाईंना बघून तो उठायची धडपड करू लागला, तसं आशिषनं पुढं होऊन त्याला बसवलं.

"बसा अण्णा, बसा."

"घराला पाय लागलं म्हणायचं तुमचं," भरमू बाईंकडं बघून हसला. त्याच्या हसण्यात कुठं तक्रार नव्हती. बाईंना ती असती तर बरं वाटलं असतं.

मालुबाईनं चहा ठेवला. भरमू आशिषला न्याहाळत राहिला आणि मग, वर्षानुवर्षं सांगून घोटीव झालेली गोष्ट माणूस सांगतो तशी, सांगू लागला.

"आमी समदी पहाटंच टेकाडावर गेलतो. वर जाऊन बघतोय तर बाई न्हाईत. बाळंतीण बाई, येनार कशी? मग गुऱ्हाळावरची काहील सोडली आन ढकलत आलो. जाताना काय न्हाय, येताना धार लागली. गळ्यापतोर पानी. काहील गरगरा फिराय लागली. त्यात खालनं पत्रा घुसला पायात. म्हनलं आता संपलं. हात सुटालता माजा." तो थांबला, बाईंकडं बोट दाखवलं. "तवा ह्या आतनं मोठ्यांदा वरडल्या, 'देवा, भरमूला धर!' पोराला धर म्हनल्या न्हाईत, मला धर म्हनल्या न्हाईत. भरमूला धर! आता सांग पोरा, असं कोन म्हनल्यावर हात सोडायचा कसा? मी येईल त्याला सांगतो. त्या दिवशी मला बाईंच्या देवानं धरलंता."

चहाचा कप बाईंच्या हातात तसाच राहिला. आपण असं म्हणालो होतो हे त्यांना आठवत नव्हतं. मग एकदम आठवलं. पावसाचा मारा, काहिलीच्या कडेला घट्ट धरलेली भरमूची बोटं, पांढरी पडलेली, एकेक करून सुटत चाललेली. आपल्या आयुष्यातली सगळ्यात खरी प्रार्थना त्या विसरून गेल्या होत्या आणि एका परक्यानं ती वीस वर्षं जपून ठेवली होती.

आशिष गोंधळून एकदा भरमूकडं, एकदा आईकडं बघत होता. "पण अण्णा," तो म्हणाला, "काहील रिकामी आली होती ना? आपोआप?"

"रिकामी?" भरमूला हसू आलं. "रिकामी काहील त्या धारंत टिकती व्हय रं? पार दत्तवाडला जाऊन लागली असती."

मालुबाई हसली नाही. तिनं चुलीकडची फुंकणी खाली ठेवली. "कोन म्हनलं रिकामी आली म्हनून?"

 आशिषची नजर आईवर खिळली.

"त्याला काय आठवतंय," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "लहान होता तो. काहीतरी ऐकलेलं असतंय."

"आई," आशिष हळू म्हणाला, "मी अकरा दिवसांचा होतो."

 भरमूनं धोतर ओढून गुडघा झाकला.

फोटो काढायचा राहूनच गेला.

परतताना हत्तरगीला आशिषनं वेग कमी केला. मग गाडी चालवता चालवता, समोर बघतच त्यानं विचारलं, "पाय त्याच वेळी गेला त्यांचा?"

"जखम चिघळली. छावणीत चार दिवस घाण पाण्यात काढले त्यांनी. मग बेळगावला सरकारी दवाखान्यात आणलं."

"बेळगावला? आपण तेव्हा कुठं होतो?"

"बेळगावलाच. आजीकडं."

"तू गेली होतीस बघायला?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आता खोटं बोलायला जागा उरली नव्हती. त्यांनी सांगितलं.

पुरातून आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांना साक्ष द्यायला उभं केलं होतं. तेव्हा त्या अजून अशक्त होत्या, रडत होत्या. "काहील आली," एवढंच म्हणाल्या, भरमूचं नाव घ्यायच्या आधीच हुंदका आला आणि खाली बसल्या. मग तेव्हाचे पाळक प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, बघा, रिकामी काहील! ना नावाडी, ना वल्हं! सगळी मंडळी गहिवरली. म्हाताऱ्या बायका येऊन बाईंच्या हाताचे मुके घेऊ लागल्या. तेव्हा उठून "तसं नव्हतं" म्हणायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मंडळीत बोलावणं आलं. तिथं त्यांनी स्वतःच सांगितलं, रिकामी आली. त्याच आठवड्यात मालुबाईचा निरोप आला होता, हे दवाखान्यात हाईत, बाईंना बघायचं म्हनत्यात.

"बाबांना माहीत होतं?"

"होतं. एकदा म्हणाले, 'विनू, त्या भरमूचं नाव राहिलं की गं.' मी म्हटलं, साक्ष देवाची असते, माणसाची नव्हे. परत कधी बोलले नाहीत."

"आणि दवाखान्यात?"

"भीती वाटली मला. त्याच्यासमोर उभी राहिले असते तर पुन्हा मंडळीत तसं सांगता आलं नसतं."

आशिषनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो बसून राहिला. ट्रक घरघरत जात होते आणि गाडी हलत होती.

"मी कॉलेजात सांगितलंय हे," तो शेवटी म्हणाला. "युवक शिबिरात सांगितलंय. एक पोरगा मला म्हणाला होता, असं काही होत नसतं. मी त्याच्याशी भांडलो. माझी आई खोटं बोलत नाही म्हणालो."

बाईंना वाटलं, त्यानं आरडाओरडा करावा. पण त्यानं गाडी सुरू केली आणि वेग न वाढवता नेहमीसारखी घरी आणली.

दुसरा दिवस उपासनेचा. रात्रभर विचार करून बाईंनी ठरवलं होतं. चर्च माणसांनी गच्च भरलं होतं. झेंडूच्या माळा, नव्या साड्यांची सळसळ. बाई उभ्या राहिल्या तशी पुढच्या बाकांवरची पोरं सावरून बसली. आता बाई विचारतील आणि आपण ओरडायचं, हे त्यांना माहीत होतं.

"काहील रिकामी नव्हती," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी काही ठेवलं नाही. भरमूचं नाव घेतलं, मालुबाईचं घेतलं. पत्रा सांगितला, पाय सांगितला, दवाखान्यात गेले नाही तेही सांगितलं. "देवानं जे केलं ते मी वीस वर्षं मोडूनतोडून सांगितलं," त्या म्हणाल्या. "देवानं माणूस पाठवला आणि मी त्या माणसाला पुसून टाकलं. म्हणजे देवाचंच काम पुसलं." शब्द भराभर येत होते. शब्द त्यांना नेहमीच येत.

 कुणीतरी हुंदका दिला. उपासना संपल्यावर मात्र त्यांच्याभोवती ही गर्दी! "बाई, किती धैर्य तुमचं!" "अशी नम्रता कुठं बघायला मिळते?" चर्चच्या पंचांपैकी एकजण म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात खानापूरच्या मंडळीत ही साक्ष द्या. लोकांना फार आशीर्वाद मिळेल." एका म्हाताऱ्या बाईनं त्यांचा हात हातात घेऊन मुका घेतला, अगदी वीस वर्षांपूर्वीसारखा.

आणि विनोदिनीबाईंना बरं वाटलं.

ते बरं वाटलेलं त्यांच्या त्यांनाच कळलं. काल भरमूच्या सोप्यात वाटली नव्हती एवढी लाज त्यांना तिथं, फुलांच्या माळांखाली, वाटली. पाय कुणाचा गेला आणि कौतुक कुणाचं चाललंय! त्यांनी हात सोडवून घेतला आणि कुणाशी न बोलता फाटकाबाहेर आल्या. आशिष बाइकला टेकून उभा होता.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं." तो किल्लीशी चाळा करत होता. "खरं बोललीस. पण आई, इथं सांगणं सोपं होतं."

"सोपं होतं," बाई म्हणाल्या. "मला स्टँडवर सोड."

"मी येतो की."

"नको. तू असलास की मी तुझ्याकडं बघत बोलीन."

निपाणीच्या बसमध्ये जागा मिळाली, निपाणीत दुसरी गाडी मिळाली. गावात उतरल्या तेव्हा उन्हं कलायला लागली होती. सकाळची नवी साडी अंगावर होती, तिचीही त्यांना लाज वाटली. मालुबाई दारातच शेंगा फोडत बसली होती. तिनं बघितलं आणि मान खाली घालून शेंगा फोडत राहिली.

"मालुबाई, आत येऊ?"

"दार उघडंच हाय."

भरमूच्या पलंगासमोर बाई खाली, सारवलेल्या जमिनीवर बसल्या. चर्चमध्ये भराभर आलेले शब्द इथं येईनात. "अण्णा, मी लोकांना तुमचं नाव सांगितलं नाही," एवढं कसंबसं म्हणाल्या. "काहील आपोआप आली म्हणून सांगितलं. वीस वर्षं. आणि तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा मी मुद्दाम आले नाही."

 बाहेर शेंगा फोडायचा आवाज थांबला होता.

"नावाचं काय न्हाय बाई," भरमू म्हणाला. "माज्या नावानं कुनाचं काय अडलंय? पर दवाखान्यात मी वाट बघितली. लई बघितली. पाय कापायच्या आदल्या दिवशी मालूला म्हनलो, बाई येतील. आल्या की त्यास्नी त्यांच्या देवाला सांगाय लावतो, पाय ऱ्हाऊ दे म्हनून. त्यांचं ऐकतोय त्यो, मी बघितलंय." तो खिडकीकडं बघत होता. "सांजपतोर दाराकडंच बघालतो."

बाईंनी पदर तोंडाला लावला. आपण भीतीनं दूर राहिलो एवढंच त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. तिकडं कुणी आपल्या प्रार्थनेवर भरवसा ठेवून पडलं असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"माफ करा" म्हणायला त्या आल्या होत्या. ते म्हणायचीही हिंमत होईना.

मालुबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "काल पोराम्होरं बी खोटं बोललासा," ती म्हणाली. "ते मला लागलं. मागचं जाऊ दे, काल का बोललासा?"

"लाज वाटली म्हणून."

"आन आज?"

"आजही वाटतीय. पण आज आले."

मालुबाईनं त्यांच्याकडं रोखून बघितलं आणि ती आत गेली.

भरमूनं घसा खाकरला. "बाई, आता सांगा की तुमच्या देवाला."

"काय सांगू?"

"पाय काय परत येनार न्हाय. ते नगं." तो जरा ओशाळल्यासारखा हसला. "पर त्या दिवशी त्यानं तिघांला पार नेलं, त्याचं काय तरी बोला. तुमच्यात बोलत्यात न्हवं? मी हितं एकलाच बोलत असतोय, मला तुमच्यावानी येत न्हाय."

विनोदिनीबाईंनी डोळे मिटले. हजार माणसांपुढं प्रार्थना केलेल्या बाई, पण पहिला शब्द सापडायला वेळ लागला. त्यांनी सगळं सुरुवातीपासून, जसं झालं तसं, देवाला सांगितलं. पहाट, काहील, भरमू, धार, पत्रा. मध्ये एकदा चुकल्या, पाणी कमरेला होतं म्हणाल्या, तर भरमू मध्येच म्हणाला, "गळ्यापतोर, बाई." त्यांनी दुरुस्त केलं. मालुबाईनं अकरा दिवस पोराला न्हाऊ घातलं तेही सांगितलं. दवाखान्याचा दिवस आला तेव्हा त्या थांबल्या आणि पुढं जाता येईना. भरमूनं वाट बघितली. मग त्यांनी तोही दिवस सांगितला.

डोळे उघडले तेव्हा मालुबाई आतल्या दाराशी उभी होती. केव्हापासून होती कोण जाणे. हातात शेंगांची पिशवी होती.

"शेवटची गाडी चुकंल तुमची," ती म्हणाली. पिशवी बाईंच्या हातात न देता त्यांच्याजवळ जमिनीवर ठेवली. "पोराला द्या."

बाई उठल्या. "पुढच्या रविवारी येईन. आशिषला घेऊन. येऊ?"

मालुबाईनं भरमूकडं बघितलं, मग अंगणाकडं.

"या," ती म्हणाली. "आलासा तर बघू."